कुठले घोरपडे?
(एका आडनावाचा साडेपाचशे वर्षांचा प्रवास)

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "तुम्ही इतिहासाचं वाचता, काहीतरी लिहा" असा आग्रह स्मरणिका समितीने धरला. अंबाबाईचे देऊळ, रंकाळा, शाहू महाराज, कुस्ती यांवर कोल्हापुरातल्या स्मरणिकांमधून पुष्कळ लिहून झाले आहे आणि माझ्यापेक्षा जाणकारांनी लिहिले आहे. म्हणून मी विषय आपल्या सोसायटीच्या दारातूनच उचलला.

तळमजल्यावर जिन्याशेजारी पत्रपेट्या आहेत. त्यांतल्या तीन पेट्यांवर "घोरपडे" असे आडनाव आहे. नवा कुरिअरवाला आला की हमखास घोटाळा होतो आणि वॉचमन त्याला विचारतो, "कुठले घोरपडे पाहिजेत?" ही तीन कुटुंबे एकमेकांची नातेवाईक नाहीत. एक कागल तालुक्यातले, शेतकरी मराठा. दुसरे इचलकरंजीकडचे, ब्राह्मण. तिसरे कर्नाटकात बळ्ळारीकडून नोकरीनिमित्त आलेले, घरात निम्मे मराठी आणि निम्मे कानडी बोलणारे. एकच आडनाव, पण जात वेगळी, भाषा वेगळी, प्रांत वेगळा. हे कसे काय झाले, याचे उत्तर शोधायला गेलो तर आपण थेट १५व्या शतकात जाऊन पोहोचतो. आणि गंमत म्हणजे ही गोष्ट सुरू होते ती आपल्याच जिल्ह्यात.

मी इतिहास संशोधक नव्हे. सगळी नोकरी बँकेत गेली. पण बँकेच्या नोकरीत माणसाची पहिली ओळख आडनावाने होते. लेजर असो की सहीचे कार्ड, आडनावाशिवाय पान हलत नाही. शिवाय माझ्या आईचे माहेरचे आडनाव घोरपडे. त्यामुळे या विषयाची ओढ जरा जास्तच.

आडनाव येते कुठून?

आज आपल्याला वाटते की आडनाव जन्मापासून चिकटलेले, पिढ्यान् पिढ्या तेच. तसे नाही हो. जुने कागद काढून बघा. पुष्कळदा माणसाचे नाव, बापाचे नाव, गाव आणि हुद्दा एवढेच असते. अमक्याचा मुलगा तमका, मोकदम, मौजे फलाणे. शाळेचा दाखला, कोर्टाचे समन्स, खानेसुमारी, नोकरीचा अर्ज हे इंग्रजी अमलात सुरू झाले तसे प्रत्येकाला एक कायमचे आडनाव लागायला लागले. ज्याच्याकडे जे होते ते त्याने लिहून दिले. कुणी हुद्दा लिहिला, कुणी गाव लिहिले, कुणी धंदा लिहिला, तर कुणाला मास्तरांनीच लिहून दिले.

आपल्याच पत्रपेट्या घ्या. पाटील, कुलकर्णी, देशपांडे, चौगुले हे सगळे गावगाड्यातले हुद्दे. सुतार, लोहार, तांबट हे धंदे. निपाणीकर, आजरेकर, हुपरीकर ही गावे. इंग्लंडमध्येही तसेच. त्यांच्याकडे स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी आणि हिल म्हणजे टेकडीजवळ राहणारा. तिकडेही मध्ययुगात करवसुलीच्या याद्या होऊ लागल्या तशी आडनावे पक्की झाली. म्हणजे जगभर आडनाव पक्के करणारा माणूस बहुतेक वेळा सरकारी कारकूनच! बँकवाल्यांना हे ऐकून बरे वाटेल.

शिवाय आडनाव बदलतेही. थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे घराण्याचे आडनाव गाडगीळ. पलूस गावचे म्हणून पलुस्कर झाले. खुद्द पेशव्यांचे आडनाव भट. पेशवे हा हुद्दा, पण लोकांच्या तोंडी तेच आडनाव होऊन बसले. घोरपडे हे मात्र ना गाव, ना हुद्दा, ना धंदा. ते एका प्राण्याचे नाव.

खेळणा किल्ला आणि घोरपड

विशाळगड आपण सगळ्यांनी पाहिला आहे. शाहूवाडी तालुक्यातला हा किल्ला. त्याचे जुने नाव खेळणा. बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान याने १४६९ नंतर कोकणपट्टीतल्या किल्ल्यांवर मोहीम काढली. त्यापूर्वी, १४५३ मध्ये, याच खेळण्याच्या जंगलात बहामनी फौजेची दाणादाण उडालेली होती. त्यामुळे गवानाने घाई केली नाही. जंगल तोडले, पावसाळे काढले आणि शेवटी खेळणा घेतला.

घोरपडे घराण्याची परंपरा सांगते की या वेळी कर्णसिंह नावाचा त्यांचा पूर्वज कड्याला घोरपड लावून, तिच्या कमरेला बांधलेल्या दोरीने वर चढला आणि लढाईत पडला. त्याचा मुलगा भीमसिंह याला बहामनी सुलतानाने १४७१ मध्ये "राजे घोरपडे बहाद्दर" असा किताब आणि मुधोळची जहागीर दिली. तोपर्यंत हे घराणे आणि भोसले घराणे एकच होते, असेही ही परंपरा मानते. मुधोळ दरबारात या संबंधीची फर्माने जपलेली होती आणि दत्तात्रय विष्णु आपटे यांनी त्यांच्या आधारे मुधोळच्या घराण्याचा इतिहास लिहिला. त्या फर्मानांच्या खरेपणाबद्दल इतिहासकारांत एकमत नाही, हेही सांगितले पाहिजे.

घोरपडीने माणसाचे वजन पेलले असेल का? घोरपड फटीत शिरली की नख्या रोवून अंग फुगवते, तिला ओढून काढणे कठीण, हे खरे. "घोरपडीसारखा चिकटला" असे आपण उगीच म्हणत नाही. पण चार-पाच किलोच्या जनावराच्या आधाराने भरल्या अंगाचा धारकरी कडा चढेल, हे माझ्या हिशेबात बसत नाही. हीच गोष्ट पुढे दोनशे वर्षांनी, १६७० मध्ये, तानाजी मालुसऱ्यांच्या सिंहगडाशी जोडली गेली आणि पोवाड्यातून घरोघर पोहोचली. काहींचे म्हणणे असे की कडा चढणारी घोरपड म्हणजे कडे चढण्यात तरबेज असलेला माणूसच असावा. मला हे पटते. कड्याला चिकटून वर जाणारा तो घोरपडे. हे आडनाव म्हणजे मुळात कामाची पावती आहे.

(जाता जाता मुलांसाठी: घोरपड आज वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. तिला मारणे, पकडणे, पाळणे हा गंभीर गुन्हा आहे. पूर्वी खंडोबाच्या वाघ्यांची दिमडी तिच्या कातड्याने मढवत. आता ते बंद.)

मुधोळ: आडनाव दोन्ही बाजूंना

मुधोळ आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथले घोरपडे आदिलशाहीचे मातब्बर सरदार झाले. १६४८ मध्ये शहाजीराजांना जिंजीजवळ कैद झाली त्यात बाजी घोरपडे पुढे होता. त्याचा सूड शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मुधोळवर चालून जाऊन घेतला आणि बाजी मारला गेला.

पण गोष्ट इथेच संपत नाही. १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीवर असताना महाराजांनी बाजीचा मुलगा मालोजी घोरपडे याला पत्र लिहिले. वडीलधाऱ्यांचे वैर विसरून जावे, दक्षिणची पातशाही दक्षिणच्या लोकांच्या हाती राहावी, आपण मराठ्यांनी एक व्हावे, असा त्या पत्राचा आशय आहे. ज्याच्या बापाला आपण मारले, ज्याच्या बापाने आपल्या बापाला धरले, त्यालाच असे पत्र. हे वाचताना मला नेहमी वाटते की आडनावाला चिकटलेले वैर पुसायला केवढे मोठे मन लागते!

मुधोळचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी शिकारी कुत्र्यांची जात जोपासली आणि एक जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजाला भेट दिली. तेच "मुधोळ हाउंड". २००५ मध्ये त्यावर टपाल तिकीटही निघाले.

कापशी: संताजींचे घोरपडे

आता आपल्या पहिल्या पेटीकडे येऊ. चिकोत्रा नदीच्या खोऱ्यात सेनापती कापशी हे गाव आहे. बायकामंडळींना ते कापशी चपलेमुळे ठाऊक असते. गावाच्या नावामागे "सेनापती" लागले ते संताजी घोरपडे यांच्या घराण्यामुळे.

मुधोळकर आदिलशाहीत असताना कापशीकर शाखा स्वराज्यात होती. संताजींचे वडील म्हाळोजी घोरपडे फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला संभाजी महाराजांना वाचवताना पडले. त्याच वर्षी संताजींनी औरंगजेबाच्या छावणीत घुसून त्याच्या तंबूचे सोन्याचे कळस कापून आणले. राजाराम महाराजांनी तिघा भावांना किताब दिले. संताजींना मामलकतमदार, बहिर्जींना हिंदूराव आणि मालोजींना अमीर-उल-उमराव. पुढे १६९१ च्या सुमारास संताजी सरसेनापती झाले. दोड्डेरीला कासिमखानाची फौज कोंडून उपाशी मारली, पाठोपाठ हिंमतखानाला बुडवले. मोगल सरदार त्यांच्या नावाने कापत. पण राजाराम महाराजांशी बिनसले, धनाजी जाधवांशी वितुष्ट आले आणि जून १६९७ मध्ये शंभू महादेवाच्या डोंगरात नागोजी माने यांनी त्यांचा घात केला. आपल्या शिरोळ तालुक्यात कुरुंदवाडला संगमाजवळ त्यांची समाधी दाखवतात. नरसोबाच्या वाडीला आपण वर्षातून चार वेळा जातो. नदीपलीकडे पाच मिनिटे थांबून यायला हरकत नाही.

संताजींचे वंशज करवीर राज्याचे सेनापती झाले. शेजारी शिरोळ तालुक्यातच दत्तवाडकर घोरपडे. पुण्याच्या घोरपडे पेठेलाही याच आडनावाचे नाव. पण कापशी खोऱ्यात आणि आजूबाजूला घोरपडे आडनावाचे जे शेकडो शेतकरी आहेत, ते सगळे काही सेनापतींच्या थेट वंशातले नव्हेत. माझ्या आजोळचे तसेच. लहानपणी शाळेत संताजींचा धडा झाला तेव्हा मी आजोबांना विचारले, "आपण संताजींचे का हो?" आजोबा कासरा वळत होते. म्हणाले, "आरं, संताजीचं नाव लागलंय म्हणून रान आपसूक पिकतंय व्हय? नाव मोठं आसलं की माणसानं लई वाकून चालावं." त्यांच्याकडे ना सनद होती, ना तलवार. साडेतीन एकर माळरान आणि हे आडनाव.

गुत्ती आणि संडूर: आडनाव दक्षिणेला

तिसरी पेटी बळ्ळारीकडची. तिचा धागा बहिर्जी हिंदूरावांकडे जातो. ही शाखा दक्षिणेत उतरली. गजेंद्रगड, गुत्ती, संडूर ही त्यांची ठाणी. या शाखेत मुरारराव घोरपडे झाले. १७४१ मध्ये रघूजी भोसल्यांबरोबर त्रिचनापल्ली घेतल्यावर तिथला बंदोबस्त मुराररावांकडे आला आणि त्यांनी तो दोन वर्षे सांभाळला. १७५१ मध्ये क्लाइव्ह अर्काटच्या किल्ल्यात अडकला तेव्हा मुराररावांची फौज त्याच्या मदतीला निघाली आणि वेढा उठला. इंग्रजी पुस्तकांत हाच माणूस "मोरारी रो" म्हणून भेटतो. मुरारराव घोरपड्यांचे "रो" झाले! माणूस परक्या लेखणीत शिरला की आडनावाचे काय होते, याचा हा नमुना.

१७७६ मध्ये हैदरअलीने गुत्तीला वेढा घातला. किल्ल्यावरचे पाणी संपले आणि मुराररावांना शरण यावे लागले. कबालदुर्गच्या कैदेत त्यांचा शेवट झाला. त्यांच्याच कुळीच्या लोकांनी नंतर संडूर परत मिळवले आणि हे छोटेसे संस्थान १९४९ पर्यंत चालले. तिथल्या राजांच्या नावात हिंदूराव आणि मामलकतमदार हे दोन्ही किताब शेवटपर्यंत होते. शेवटचे राजे यशवंतराव घोरपडे यांनी १९३० च्या दशकातच संडूरचे कुमारस्वामी मंदिर हरिजनांना खुले केले. १९३४ मध्ये गांधीजी तिथे आले होते. त्यांचे चिरंजीव एम. वाय. घोरपडे हे पुढे कर्नाटकाचे अर्थमंत्री झाले आणि वन्यप्राण्यांचे छायाचित्रकार म्हणूनही त्यांनी मोठे नाव मिळवले.

आता गंमत बघा. गुत्ती आज आंध्र प्रदेशात, गजेंद्रगड आणि मुधोळ कर्नाटकात. संडूर आधी मद्रास इलाख्यात गेले, मग म्हैसूर राज्यात आले. घराणी तिथेच बसली आहेत, पण राज्यांच्या रेषा त्यांच्या अंगावरून फिरल्या. म्हणून आपल्या तिसऱ्या पेटीतले घोरपडे "आम्ही मूळचे महाराष्ट्रातले" म्हणतात आणि कोल्हापुरात लोक त्यांना "कर्नाटकातले" म्हणतात. दोघांचेही खरे आहे.

इचलकरंजी: आडनाव जे कृतज्ञतेने घेतले

दुसऱ्या पेटीची गोष्ट मला या सगळ्यांत मोलाची वाटते. म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

वेंगुर्ल्याजवळ म्हापण नावाचे गाव आहे. तिथले नारो महादेव जोशी हे कोकणस्थ ब्राह्मण. वडील लवकर गेले. पोरका मुलगा आईबरोबर घाटावर आला आणि फिरत फिरत कापशीला संताजी घोरपड्यांच्या आश्रयाला राहिला. मुलगा हुशार, घोड्यावर पक्का बसणारा. संताजींनी त्याला मुलासारखे वाढवले आणि आपल्या कामात घेतले. पुढे संताजींचा घात झाला, घराणे अडचणीत आले, तेव्हा नारो महादेवांनी धन्याच्या कुटुंबाची साथ सोडली नाही. ज्या घराने आपल्याला वाढवले, त्या घराचे आडनाव त्यांनी लावून घेतले. जोशींचे घोरपडे झाले. जात बदलली नाही, गोत्र बदलले नाही, सोयरिकी कोकणस्थांतच होत राहिल्या. फक्त आडनाव धन्याचे.

वासुदेवशास्त्री खरे यांनी इचलकरंजी संस्थानचा इतिहास लिहिला आहे, त्यात ही हकिकत आहे. ज्यांना जुने मराठी वाचायची सवय आहे त्यांनी जरूर मिळवून वाचावा.

नारो महादेवांचे चिरंजीव व्यंकटराव. त्यांचे लग्न १७१३ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथ यांची मुलगी अनुबाई हिच्याशी झाले. म्हणजे थोरल्या बाजीरावांची बहीण इचलकरंजीची सून. १७३९ मध्ये चिमाजी आप्पा वसईला झुंजत होते, तेव्हा पोर्तुगीजांना दुसरीकडे गुंतवून ठेवण्यासाठी व्यंकटराव गोव्यात उतरले आणि मडगावपर्यंत धडकले. व्यंकटरावांच्या माघारी अनुबाईंनी कितीतरी वर्षे संस्थानचा कारभार हाकला. भटांची लेक, जोशींच्या कुळातली सून आणि लोकांसाठी अनुबाई घोरपडे! एका बाईच्या नावात तीन आडनावे आणि तिन्ही आपापल्या जागी खरी.

याच घराण्यातले नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या काळात इचलकरंजीचे आजचे रूप घडायला लागले. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला, त्याला बाबासाहेबांचे उत्तेजन होते. आज ज्या गावाला आपण महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतो, तिथल्या मागाच्या खडखडाटाची सुरुवात ती. नोकरीत असताना यंत्रमागधारकांची कर्जप्रकरणे मी पुष्कळ पाहिली. त्या फायलींत घोरपडे आडनाव दोन्ही प्रकारचे असायचे. एक नवा कारकून मला म्हणाला, "साहेब, हे घोरपडे असून जानवं कसं घालतात?" मी त्याला नारो महादेवांची गोष्ट सांगितली. त्याला ती कर्जप्रकरणापेक्षा जास्त लक्षात राहिली.

संताजींची जहागीर गेली, करवीरचे सेनापतीपद इतिहासजमा झाले. पण एका पोरक्या मुलाला त्यांनी घरात घेतले, त्याची पावती तीनशे वर्षांनंतरही आपल्या पत्रपेटीवर आहे.

आडनाव पोहोचते कुठे

हिंदूराव या शब्दावरून आठवले. दिल्लीला गेलात तर तिथे "बाडा हिंदूराव" नावाची वस्ती आहे आणि रिजवर हिंदूराव हॉस्पिटल आहे. हे हिंदूराव म्हणजे आपल्या कागलचे घाटगे. बायजाबाई शिंदे या कागलच्या सर्जेराव घाटग्यांच्या लेक, ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या राणी. त्यांचे भाऊ हिंदूराव घाटगे दिल्लीला जाऊन राहिले. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाल्यावर त्याचा रिजवरचा बंगला त्यांनी घेतला. १८५७ च्या लढाईत इंग्रजांचा मोर्चा याच बंगल्यात होता. तिथल्या दवाखान्यात आज रोज हजारो दिल्लीकर जातात. त्यांतल्या किती जणांना माहीत असेल की हे नाव कागलहून आले?

कागदावरचे आडनाव

आता एक गोष्ट बँकेतली. सीमाभागातल्या एका वृद्ध बाईंचे यजमान वारले. मुदतठेवीची पावती दोघांच्या नावावर. पावतीवर आडनाव घोरपडे. रेशनकार्ड कानडीत, त्यावर "घोर्पडे". आधारकार्डावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जादा "ए" पडून झालेले "घोरापडे". मृत्यूच्या दाखल्यात आडनावच नाही, फक्त नाव आणि बापाचे नाव. त्या बँकेने चार महिने पैसे अडकवून ठेवले. प्रतिज्ञापत्र आणा, राजपत्रात नाव छापा, दोन साक्षीदार आणा. मी तेव्हा निवृत्त होतो. ओळखीतून त्या माझ्याकडे आल्या म्हणून मी कागद जुळवून दिले. पैसे मिळाले तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, लग्नात एक आडनाव सोडलं तवा कुणी कागुद मागितला न्हाई. आता तेच नाव माझं हाय म्हणून इतकं कागुद!"

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. वर जे सगळे लिहिले ते पुरुषांच्या आडनावाचे. पण आडनाव सोडून जाणाऱ्या निम्म्या माणसांचे काय? माझी आई सतरा वर्षे घोरपडे होती आणि साठ वर्षे दुसऱ्या आडनावाची. घोरपड्यांच्या कुठल्याही वंशावळीत तिचे नाव सापडणार नाही. आमच्या घराण्याच्या कागदांतही "अमक्याची बायको" एवढीच. पण आमच्या घरातली कडाकण्यांची रीत, जोंधळ्याच्या कण्या, बोलण्यातले "आवो" आणि वाकून चालायची शिकवण तिने आजोळहून आणली. आडनाव बापाकडून येते, वागणे पुष्कळदा आईकडून येते.

सांगायचे ते एवढेच

नवा माणूस सोसायटीत येतो, फ्लॅट भाड्याने मागतो, तेव्हा पहिला प्रश्न आपण आडनावाचा विचारतो. दिसायला साधा प्रश्न. पण पुष्कळदा तो जात काढण्यासाठी असतो, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. सभेत कुणी बोलत नाही म्हणून मी स्मरणिकेत लिहितो. गेल्या पंचवीस वर्षांत काही चांगली माणसे या प्रश्नापाशीच परत गेली.

घोरपडे आडनावाने मला शिकवले ते असे, की आडनावावरून माणूस ओळखता येत नाही. याच आडनावाचा सरदार आदिलशाहीत होता आणि याच आडनावाचा सरसेनापती स्वराज्यात होता. याच आडनावाचे मराठे आहेत आणि ब्राह्मण आहेत, मराठी बोलणारे आहेत आणि कानडी बोलणारे आहेत. संस्थानिक आहेत आणि साडेतीन एकरवाले आहेत. आडनाव कुणाला पराक्रमाने मिळाले, कुणी उपकार स्मरून घेतले, कुणाला नुसते चिकटले. "कुठले घोरपडे?" हा प्रश्न जरूर विचारावा, पण गोष्ट ऐकण्यासाठी विचारावा. दार लावण्यासाठी नव्हे.

शेवटी एक विनंती. प्रत्येक कुटुंबाने एक पान लिहून सोसायटीच्या ऑफिसात द्यावे. आपले आडनाव, मूळ गाव, ते आडनाव कसे पडले याची घरात सांगितली जाणारी गोष्ट, कोल्हापुरात कधी आणि कशासाठी आलो. आणि हो, आईचे, आजीचे आणि पणजीचे माहेरचे आडनाव न विसरता लिहावे. ते विचारायला घरातली म्हातारी माणसे आहेत तोवरच उत्तर मिळेल. चेअरमनसाहेबांनी त्यासाठी एक फाईल उघडायला संमती दिली आहे. माझे पान मी पहिले लावले आहे. त्यावर सगळ्यात वर आईचे नाव लिहिले आहे, घोरपडे आडनावासकट.